भोकरटेपच्या वेशीवरचा लाल-पांढरा दांडा

मित्रांनो, मी एक जुना दांडा आहे. दांडा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर कुदळ येईल, नाहीतर विटी येईल. मी त्यांच्यातला नाही. मी रेल्वे फाटकाचा दांडा. अंगावर लाल-पांढरे पट्टे, मधोमध एक गोल पत्रा आणि त्या पत्र्यावर दोनच अक्षरं: थांबा. माझं शिक्षण एवढंच. पण तेवढ्यावर मला सरकारी नोकरी लागली, आणि हे आजकाल पदवीवाल्यांनाही जमत नाही.

माझा जन्म कुठे झाला ते मला सांगता येत नाही. जन्मलो तेव्हा मी नुसता पाइप होतो. पाइपाला इकडून तिकडचं दिसतं, बाकी काही कळत नाही. शुद्धीवर आलो तो आटगावच्या पुढच्या एका फाटकावर. तिथे यमाजी नावाचे गेटमन होते. झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं तसे ते मला खाली घ्यायचे. माझ्यापुढे ट्रॅक्टर थांबले, भाताच्या बैलगाड्या थांबल्या, लाल दिव्याच्या मोटारीही थांबल्या. शेळ्या तेवढ्या थांबल्या नाहीत. शेळ्यांना वाचता येत नाही, त्या खालून गेल्या.

एकदा नवरदेव अलीकडे अडकला आणि नवरी पलीकडे. मालगाडी संपेना आणि मुहूर्त टळत चाललेला. शेवटी भटजींनी रुळाच्या कडेला उभं राहून मंगलाष्टकं सुरू केली. अंतरपाट म्हणून मालगाडी. शेवटचा डबा सरकला तेव्हा अक्षता पडल्या, त्यातल्या अर्ध्या गार्डाच्या डोक्यावर. गार्डानं हिरवा झेंडा दाखवला. ते लग्न अजून टिकून आहे.

लोक मला शिव्या द्यायचे. पण गाडी गेली की मी वर जायचो आणि शिव्या देणाराच यमाजींना हात करून पुढे निघायचा. पुढे तिथे उड्डाणपूल झाला. पुलाचं उद्घाटन माझ्या डोक्यावर झालं. मला बोलावणं नव्हतं, पण मी खालीच होतो. मग मी गवतात पडलो. एक धामण माझ्या पोटात राहायला आली. तिनं विचारलं नाही आणि मीही काही बोललो नाही. आमचं बरं चाललं होतं, तेवढ्यात लिलाव झाला आणि मी शहापूरच्या एका भंगारवाल्याकडे पोचलो. तिथून मला भोकरटेपच्या मंडळींनी टेम्पोत घातलं.

भोकरटेप हे शहापूरहून मुरबाडकडे जाताना आडवळणाला लागतं. डांबर जिथे दमून बसतं, तिथे हे गाव सुरू होतं. मित्रांनो, या गावाला फाटक का हवं होतं, ते मी खरंखरं सांगतो. ओढ्यावरच्या पाण्याच्या मोटारी चोरीला जात होत्या. कुणाच्या शेळ्या गेल्या. एक अनोळखी माणूस मोबाइलवर घरांचे फोटो काढून गेला. सगळ्यांत जास्त पोळला होता नितीन. हा वाशिंदच्या एका कंपनीत कामाला जायचा आणि घरी येऊन भेंडीला पाणी द्यायचा. भेंडी ऐन भरात असताना त्याची मोटार गेली. त्यानं बादलीनं पाणी घालून अर्धी भेंडी वाचवली. अशा माणसाला कोण नावं ठेवणार?

नितीन जेवताना मोबाइल बघायचा. त्याच्या मोबाइलवर रोज कुठला ना कुठला देश दार लावून घेत होता. कोणी भिंत बांधत होता, कोणी माणसांना विमानात बसवून परत पाठवत होता, कोणी होड्या समुद्रातच अडवत होता. नितीनचं म्हणणं सरळ होतं. एवढ्या मोठ्या देशांना जर माणसं मोजून घ्यावी लागतात, तर भोकरटेपनं का घेऊ नयेत?

मग मला वेशीवर उभं करायचं ठरलं. खड्डे खणले चांगोनं. चांगो हा वेशीजवळच्या कातकरी वाडीतला. गावात कुठलाही खड्डा असो, तो चांगोच खणतो. माझ्या मागच्या टोकाला वजन हवं होतं, तर गावकऱ्यांनी एक जुनं जातं बांधलं. ते जरा हलकं पडलं. त्यामुळे मी खाली आपोआप यायचो, पण वर जायला माणूस लागायचा. रस्ता जिथे अरुंद होता तिथे मला लावलं. लावून झाल्यावर लोकांच्या लक्षात आलं की कातकरी वाडी फाटकाच्या बाहेर राहिली. खड्डे पुन्हा कोण खणणार म्हणून तो विषय तिथेच थांबला. आणि चांगोचं झोपडं सगळ्यांत जवळ, म्हणून मला वर-खाली करायचं काम आपसूक चांगोकडे आलं.

ग्रामसभा समाजमंदिरात भरली. पण तिचा कर्णा माझ्या शेजारच्या खांबावर असल्यानं मला सगळं ऐकू आलं. प्रश्न असा होता, की गावचा माणूस कोणाला म्हणायचं? कोणी म्हणालं आधार कार्ड बघा. तर नितीनच्याच कार्डावर वाशिंदच्या खोलीचा पत्ता. रेशनकार्ड बघावं, तर अर्ध्या घरांची नावं कल्याणला. मग सरपंच भगीरथभाऊंनी टेबलावर हात मारला आणि सांगितलं की कागद खोटं बोलतो, जन्म खोटं बोलत नाही. जो गावात जन्मला तो गावचा. बाकीचा बाहेरचा. बाहेरच्याला गावात राहायचं असेल तर गावात जन्मलेल्या एका माणसानं फाटकावर उभं राहून त्याची हमी घ्यायची, आणि त्यानं काही वाकडं केलं तर हमीवाला जबाबदार. नितीननं वरून जोडलं की रांग मोडायची नाही, जो आधी आला त्याचा विचार आधी.

भगीरथभाऊंच्या बायको संगीताताईंनी विचारलं, की मग बांगडीवाली आणि कुल्फीवाला यांचं काय? कुल्फीवाल्याला एकमतानं सूट मिळाली. शनिवारी येणाऱ्या फार्महाऊसवाल्यांचं काय, असंही कोणीतरी विचारलं. त्यांना थांबवता येत नाही, कारण ते हॉर्न वाजवतात, असं ठरलं.

झाला ठराव. टाळ्यांनी कर्णा फाटायचा बाकी राहिला.

भाताची झोडणी चालू असताना, एका दुपारी, देवकी आली. बरोबर तिची मुलगी अंजू, डोक्यावर सुकटीची टोपली आणि हातात एक गाठोडं. चांगो मला धरून उभा होता. त्याला वाचता येत नव्हतं, पण माझ्या पत्र्यावर काय लिहिलंय ते माहीत होतं. "थांब बाय," तो म्हणाला. देवकी थांबली आणि माझ्या सावलीत बसली. दांड्याची सावली ती केवढी, पण तिनं मुलीला त्या सावलीत घेतलं आणि आपण उन्हात राहिली.

हळूहळू गाव जमलं. देवकीनं आपली हकीकत सांगितली. ती विधवा. घाटाखालच्या एका गावात राहायची आणि सुकट विकायची. शेजाऱ्याची म्हैस आटली आणि एका भगतानं बोट देवकीकडे दाखवलं. ती भुताळी आहे, असं सगळीकडे झालं. लोकांनी तिच्या घराचे पत्रे काढले, अंजूला शाळेच्या वाटेवर दगड मारले. भगीरथभाऊंनी लगेच पोलिसांना फोन लावला. तक्रार लिहून घेतली गेली, कायदा तिच्या बाजूनं होता. पण कायद्याला पत्रे नसतात आणि तक्रारीखाली झोपता येत नाही. तिला राहायला जागा हवी होती, आणि आजच हवी होती.

नितीननं हात वर केला. त्याचा आवाज शांत होता. "मी भुताळी-बिताळी मानत नाय. मी नियम मानतो," तो म्हणाला. "वाटंत तीन गावं लागली. तिथं का नाय थांबलीस?"

"तिथं पण फाटक होतं का काय?" मागून हौशीकाकी म्हणाल्या. या भगीरथभाऊंच्या आई.

देवकी म्हणाली की त्या तिन्ही गावांत भगताची सोयरीक आहे. नितीननं मान हलवली. मग त्यानं पुरावा मागितला. हाकलून दिल्याचा दाखला, तिथल्या सरपंचाच्या सहीचा. थोडा वेळ सगळे विचारात पडले, की ज्यांनी हाकललं त्यांच्याकडेच सही मागायला जायचं तर ते आधी जेवायला बसवतील की आधी सही देतील. नितीनच्याही ते लक्षात आलं असावं, कारण त्यानं कान खाजवला. पण त्याची भीती खरी होती. आज एक आली, उद्या दहा येतील, गाव एवढंसं, पाण्याची टाकी एवढीशी, असं तो म्हणाला. ते खोटं नव्हतं, मित्रांनो. टाकी खरंच एवढीशी आहे.

"मी घेते हमी," संगीताताई पुढे झाल्या.

"वहिनी, तुमी मुरबाडच्या," नितीन म्हणाला. "गावात जन्मलेला माणूस लागतो."

तेव्हा कुठे बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. गावात गावची सोयरीक होत नाही, त्यामुळे भोकरटेपची एकूण एक सून बाहेरची. कुणी किन्हवलीची, कुणी डोळखांबची, कुणी कसाऱ्याची. अर्धं गाव तिथल्या तिथे बाद झालं. भगीरथभाऊंनी छाती पुढे काढली आणि सांगितलं की ठीक आहे, सरपंच या नात्यानं मीच हमी घेतो.

"भगीरथा," हौशीकाकी म्हणाल्या, "तू माझ्या माहेरी झालास. किन्हवलीला."

"असं कसं, आये?"

"पयलं बाळंतपण माहेरीच होतं रे. तुझ्या मामानं गोठ्यामागं तुझी नाळ पुरलीय. जाऊन बघ."

"मंग मी कोण?"

"तू मामाकडचा पावणा."

यानंतर जे झालं ते मी रुळावरही कधी पाहिलं नव्हतं. एकेक पुरुष पुढे यायचा आणि एकेकाची आई नाहीतर मावशी त्याला बाद करायची. जो तो घरातला थोरला, आणि थोरला म्हणजे मामाच्या गावी जन्मलेला. धाकटे मात्र गावातच जन्मले होते. पण धाकट्यांच्या वाट्याला जमीन कमी आली म्हणून ते कधीच कल्याण-अंबरनाथला निघून गेलेले. म्हणजे गावात जन्मलेले गावाबाहेर आणि बाहेर जन्मलेले गावात, अशी व्यवस्था होती. ती सगळ्यांना एकदम दिसली. तरुण मुलं तर सगळी शहापूरच्या दवाखान्यातली. "मी पण दवाखान्यातलाच," नितीन स्वतःहून म्हणाला. त्याला कोणी विचारलं नव्हतं. या एका गोष्टीसाठी मला तो फार आवडतो.

शेवटची आशा म्हणजे लडकूबाबा. वय झालेले, धाकटे आणि गाव न सोडलेले. पण त्यांनीच सांगितलं की आई भाताची आवणी करताना बांधावर बाळंत झाली. बांधाच्या अलीकडे भोकरटेप, पलीकडे दुसरं गाव. डोकं कुठे होतं आणि पाय कुठे होते यावर बराच वेळ चर्चा झाली. डोकं पलीकडे होतं, असं निघालं. लडकूबाबा खाली बसले.

देवकी टोपलीवरची माशी वारत होती. आता तिला परत पाठवायचं तर तेवढंही करायला गावात कोणी गावचा उरला नव्हता.

"चांगो," संगीताताई म्हणाल्या.

सगळ्यांनी वळून पाहिलं. चांगो मला धरून उभाच होता. त्याच्या आईला माहेर नव्हतं. तिचे आईबाप कोळसा पाडत रानोमाळ फिरायचे, बाळंतपणाला जायचं तरी कुठे? म्हणून चांगो आणि त्याची बहीण गंगी, दोघं याच वाडीत जन्मले. कोणीतरी म्हणालं की वाडी तर फाटकाच्या बाहेर आहे. नितीननं मोबाइलवर गावाचा नकाशा काढला, दोन बोटांनी मोठा केला आणि खूप वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "वाडी शिवेच्या आत हाय. नियमानं चांगोच गावचा."

भगीरथभाऊंनी ठराव जरा बदलू या असं सुचवलं. म्हणजे सातबारावर नाव असेल तो गावचा, असं काहीतरी. हौशीकाकींनी त्यांच्याकडे फक्त बघितलं. भगीरथभाऊंनी सूचना मागे घेतली. सरपंच असून आईला घाबरतात, म्हणून मला त्यांच्याविषयी आदर आहे.

आता सगळं चांगोवर आलं. तुम्हांला वाटेल, यात काय अवघड? पण उद्या गावात कुणाचीही म्हैस आटली असती तर पहिलं बोट चांगोकडे गेलं असतं. या गावच्याच शेतांवर त्याची मजुरी. गंगी त्याच्याकडे बघत होती. त्यानं देवकीला विचारलं, जेवलीस का? ती नाही म्हणाली. गंगीनं आत जाऊन भाकरी आणली. ती अंजूच्या हातात पडेपर्यंत चांगो थांबला.

मग म्हणाला, "घेतो हमी. पण रांगेनं घेऊ. नितीनदादा बोलला ना, जो आधी आला तो आधी. ही बाय तर आज आली. हिच्या आधी आलेले पुष्कळ हायेत."

"कोण?" भगीरथभाऊंनी विचारलं.

"तुमी."

सगळ्यांत आधी नितीन चालायला लागला. नियम म्हणजे नियम. तो माझ्याखालून वाकून बाहेर गेला आणि वाडीच्या बाजूला उभा राहिला. मग एकेक करत अख्खं भोकरटेप बाहेर आलं आणि रांगेत लागलं. देवकी आणि अंजू सगळ्यांत शेवटी. काहींनी चांगोचं घर त्या दिवशी पहिल्यांदाच समोरून पाहिलं. वाडीत नळ नाही हेही तेव्हाच दिसलं. गंगीनं ओढ्यावरून आणलेलं पाणी सगळ्यांना दिलं. कोणी घेतलं. कोणी आधी इकडेतिकडे बघितलं आणि मग घेतलं.

चांगो प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत होता. "कशाला आलाव?"

हौशीकाकींचा पहिला नंबर. त्या म्हणाल्या की बापानं आणून टाकली. मग म्हशी झाल्या, पोरं झाली, परत जायला टाइमच नाही मिळाला. संगीताताई लग्नाआधी घराचा फोटो बघून आल्या होत्या, आणि तो फोटो शेजारच्या घरापुढे काढलेला निघाला होता. लडकूबाबा बांधावरून रोपांच्या मोळ्यांबरोबर घरी आले होते, मोळ्यांच्याच टोपलीतून. भगीरथभाऊंनी गावाच्या विकासावर बोलायला सुरुवात केली. चांगोनं शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा विचारलं, "ते झालं भाऊ. आलाव कशाला?"

"आयेच्या कडेवर बसून आलो," भगीरथभाऊ म्हणाले. "मला कुणी इचारलं नाय."

"बरोबर हाय," चांगो म्हणाला आणि मला वर केलं.

प्रत्येकाला तो बरोबर हाय म्हणायचा, आणि प्रत्येकासाठी मला वेगळं वर करायचा. एकदाच वर करून सगळ्यांना सोडता आलं असतं. पण त्याला ते हलकं वाटलं असावं. मला विचाराल तर माझ्या सगळ्या नोकरीत एवढ्या मानानं मला कोणी उचललं नाही.

नितीन म्हणाला की दवाखान्यातून बाहेर आणलं ते इथेच, दुसरीकडे कुठे नेणार होते? बरोबर हाय.

उरली देवकी. आत गेलेलं सगळं गाव दांड्यापलीकडे तसंच उभं होतं. घरी कोणी गेलं नव्हतं. ऊन उतरलं होतं.

"कशाला आलीस, बाय?"

"तिकडं राहू देत नाय," देवकी म्हणाली. "पोरीला शाळेत घालायचीय."

सगळ्यांनी सगळ्यांची कारणं ऐकली होती, आणि इतक्या कारणांत एवढं पक्कं कारण कुणाचंच नव्हतं, हे प्रत्येकाला आपापलं कळलं. चांगोनं जात्यावर जोर दिला. मी हललो नाही. दुपारभर अख्खं गाव वर करून त्याचे हात भरून आले होते. त्यानं पुन्हा जोर दिला. मी टीचभर उठलो आणि खाली आलो.

तेव्हा नितीन आतून वाकून बाहेर आला. त्यानं बाह्या सारल्या, जात्यावर दोन्ही हात ठेवले आणि चांगोबरोबर दाबलं. मी वर गेलो. अंजू पळत आत गेली, देवकी टोपली सावरत तिच्यामागून गेली.

"शाळेचं उद्या बघू," नितीन तिला म्हणाला. "आज आधी पत्रे बघाय पायजेल." आणि त्यानं स्वतःच्या गोठ्याचे दोन पत्रे काढून समाजमंदिरामागच्या खोलीवर टाकले.

देवकी आता तिथेच राहते. उन्हाळ्यात भगीरथभाऊंची म्हैस आटली. दोन-चार माणसांनी एकमेकांकडे बघितलं. हौशीकाकी म्हणाल्या की तिचं वय झालंय, माझंही झालंय, त्यासाठी कोणी देवकीकडे बोट दाखवलं तर बघा. मोटारी चोरणारेही पुढे सापडले. ते चारचाकीतून यायचे आणि हॉर्न वाजवायचे. त्यांच्यासाठी मला दर वेळी वर केलं होतं. वाडीत नळ आला, त्याचा खड्डा या वेळी नितीननं आणि भगीरथभाऊंनी खणला. वाकडा खणला, पण खणला.

ठराव मात्र कोणी रद्द केला नाही. आता कुठल्याही घरात नवी सून आली की वरात माझ्यापाशी थांबते, चांगो प्रश्न विचारतो, सून लाजून काहीतरी सांगते आणि मी वर जातो. बँडवाले तेवढ्यात पाणी पितात.

गेल्या महिन्यात नितीनची बायको आरती बाळंत होणार होती. मूल घरीच होऊ द्यावं, म्हणजे चांगो-गंगीनंतर गावात जन्मलेलं कुणी तरी होईल, असा विचार नितीननं बोलून दाखवला. हौशीकाकींनी त्याला असं झापलं की तो स्वतःच धावत गाडी घेऊन आला. आरती दवाखान्यात गेली, सगळं नीट झालं आणि ते बाळ, म्हणजे बाहेर जन्मलेलं आणखी एक माणूस, दुपट्यात गुंडाळून माझ्यापुढे आलं.

चांगो वाकला. "कशाला आलास रे?" त्यानं विचारलं.

बाळ रडलं.

"बरोबर हाय," चांगो म्हणाला आणि त्यानं मला वर केलं.

तर मित्रांनो, मी आता म्हातारा झालो आहे. रंग उडाला, पत्र्यावरचं एक अक्षर गेलं. त्याचं मला काही वाटत नाही. पण माझ्या बिजागरीला तेल घालत जा. खाली यायला मला तेल लागत नाही, मी आपल्या वजनानं येतो. वर जायलाच लागतं. आणि ज्या दिवशी तेल संपलेलं असेल, त्या दिवशी चांगोला एकट्याला जोर लावू देऊ नका. दोघं-तिघं या.